रेंजचं खापर जंगलाच्या माथी

‘तिकडे काय हो, रेंजच नसते.’

गडचिरोलीचं नाव निघालं की मुंबईत, पुण्यात आणि आता नागपुरातही हे वाक्य तयारच असतं. मजुराची हजेरी चढली नाही, रेशनच्या यंत्रावर तीनदा अंगठा ठेवूनही तांदूळ मिळाले नाहीत, धानाची नोंदणी अडकली, अंगणवाडीतल्या पोरांची वजनं पोर्टलवर दिसेनात, कारण एकच. बैठकीत साहेब हे बोलतात, माना डोलतात, इतिवृत्तात ‘नेटवर्क समस्या’ एवढं लिहिलं जातं आणि चहा येतो. सर्व्हर कोणता, तो कुठे आहे, त्याने उत्तर दिलंच नाही की दिलेलं उत्तर पोचलं नाही, हे विचारणारा माणूस त्या खोलीत नसतो. असला तरी गप्प बसतो, कारण विचारलं तर काम त्याच्याच गळ्यात पडणार.

हे मत त्याच्या पुरस्कर्त्यांपेक्षा नीट मांडून देतो, म्हणजे विपर्यास केल्याची तक्रार नको. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. चंद्रपूरचा मूल, सिंदेवाही, गोंडपिपरीकडचा पट्टाही झाडीचाच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. गावं विरळ, वस्त्या लहान, त्यामुळे खासगी कंपन्यांना मनोरा उभारणं परवडत नाही. उभारलेले मनोरे नक्षलवाद्यांनी जाळले, तो इतिहासही आहेच. लोक माडिया, गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे. त्यांना हे मोबाइलचं तंत्र नवं. सर्व्हर मात्र इकडे उत्तम चालतो, आम्ही स्वतः तपासला. सबब दोष तिकडचा, उपाय मनोऱ्यांचा, आणि मनोरे होईपर्यंत थोडा धीर धरावा.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर बरंचसं खरं आहे. निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

रेंज नसलेली गावं आहेत, हे नाकारतो कोण? केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी देशातल्या २४,६८० गावांपर्यंत फोरजी न्यायला २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, ते गावांत सिग्नल नव्हता म्हणूनच. पण ज्या गावात सिग्नल नाही तिथला माणूस ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ असा संदेश बघत बसत नाही. त्याच्या फोनवर काड्याच नसतात. तो टेकडीवर जातो, नाहीतर दुसऱ्या गावाला जातो. गाऱ्हाणं त्या टेकडीवर पोचल्यानंतरचं आहे. तिथे काड्या आहेत, फोन लागतो, आणि तरीही अॅप म्हणतं, ‘कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा.’ हेच वाक्य अहेरीत दिसतं, वडशात दिसतं, चामोर्शीत दिसतं, आणि चंद्रपूर शहरात भर चौकातल्या सेतू केंद्रातही दिसतं. चंद्रपूरच्या गांधी चौकात कोणतं जंगल आडवं येतं म्हणे?

एक साधी तपासणी आहे. ती गावातल्या कुठल्याही रोजगार सेवकाने केलेली असते, फक्त तिला तपासणी म्हणायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पोर्टलवर फोटो चढत नाही, म्हणून तो तोच फोटो त्याच फोनवरून त्याच जागी उभा राहून व्हॉट्सअॅपवर तालुक्याच्या ऑपरेटरला पाठवतो, आणि तो जातो. फोन, मनोरा, झाड, मिनिट सगळं तेच. बदलला तो फक्त पलीकडचा सर्व्हर आणि त्याच्याशी बोलणारं अॅप. सागाची ओली पानं रेडिओलहरी शोषतात हे भौतिकशास्त्राला मान्य आहे. पण व्हॉट्सअॅप सोडायचं आणि पोर्टल अडवायचं, एवढी निवड सागाच्या पानाला कधीपासून करता यायला लागली?

व्हॉट्सअॅप पोचतं, कारण लिहिणाऱ्यांनी ते दुबळ्या जोडणीसाठी लिहिलेलं आहे. फोटो आधी आकसतो, रांगेत थांबतो, जोडणी तुटली तर ती परत येताच आपोआप निघतो. वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. सरकारी अॅपचा फोटो कित्येकदा कॅमेऱ्यातून निघाला तसाच, एका दमात, एकाच प्रयत्नात जावा अशी अपेक्षा असते. मधे सेकंदभर खंड पडला की सगळं पहिल्यापासून. याला जंगल जबाबदार नाही. हा अॅप लिहिणाऱ्याचा निर्णय आहे, किंवा निर्णय घ्यायचा आळस.

आणि हा आळस कोणत्या काळात केला गेला ते तारखा सांगतात. नक्षलग्रस्त भागांतल्या सरकारी योजनेतले २,३४३ मनोरे टूजीचे होते. ते फोरजी करायचा निर्णय मंत्रिमंडळाने २७ एप्रिल २०२२ रोजी घेतला. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी फोटोसकट मोबाइलवर घ्यायचं एनएमएमएस हे अॅप त्याच्याआधी, २१ मे २०२१ रोजी आलं. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, ते सगळीकडे सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा फोटो, तोही ठरलेल्या वेळेत. म्हणजे मनोरा सरकारचा, तो टूजीचा आहे हे सरकारला ठाऊक, अॅपही सरकारचं, आणि तरी अॅप असं की जणू मजूर नरिमन पॉइंटवर गाळ काढतोय. रेंज कमी आहे ही बातमी नव्हती, ती आधीपासून माहीत असलेली अट होती. पूल बांधणारा अभियंता ‘नदीला पाणी होतं’ अशी सबब सांगू लागला तर आपण ऐकून घेऊ का?

आता जरा आत शिरू. संपर्क झाला नाही, हे एकच वाक्य अॅप दाखवतं. फोनला मात्र आतून अनेक वेगवेगळी उत्तरं मिळालेली असतात, आणि प्रत्येक उत्तर दोष कुठे आहे ते जवळपास नाव घेऊन सांगतं. सर्व्हरच्या नावाचा आकडी पत्ताच सापडला नाही, तर दोष नावांच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये. मोठ्यामोठ्यांचं तिथेच अडतं: ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले, कारण एका चुकीच्या बदलाने कंपनीचे मार्ग इंटरनेटवरून पुसले गेले आणि तिचे नावं सांगणारे सर्व्हरच कोणाला दिसेनासे झाले. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्येही रेंज नव्हती, असं कोणी म्हणालं नाही.

पत्ता सापडला, पण जोडणी ‘नाकारली’ असं उत्तर आलं, तर ते सगळ्यात बोलकं. नकार हा पलीकडून येतो. याचा अर्थ फोनची हाक एटापल्लीहून निघाली, मनोऱ्यावरून, तारेवरून त्या यंत्रापर्यंत किंवा त्याच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली आणि उत्तर घेऊन परतही आली. रस्ता शाबूत आहे. फक्त तिथल्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, ऐकणारा प्रोग्राम बंद पडलाय, किंवा तिथे कोणाला आत घ्यायचं नाही असं ठरवलंय. उत्तर आलंच नाही, वाट पाहून वेळ संपली, तर हाक वाटेत गळली. ती मनोऱ्यावर गळली असेल तसंच सर्व्हरसमोरच्या फायरवॉलने मुकाट गिळलीही असेल, आणि यातलं कोणतं ते शोधायला साधनं आहेत. ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला, तर वाद संपलाच. हे आकडे फोन स्वतः बनवत नाही. सेवा सध्या उपलब्ध नाही, किंवा मागच्या सर्व्हरने मला वेळेत उत्तर दिलं नाही, असं पलीकडचं दारवान यंत्र सांगत असतं. ही लेखी कबुली आहे. अॅप ती कबुली खिशात घालतं आणि मजुराला म्हणतं, तुझं इंटरनेट तपास.

हा लबाडपणा मुद्दाम केलेला नसेल. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सगळ्या चुका एकाच फांदीवर बांधून टाकल्या आणि तिथे एक गुळगुळीत वाक्य लिहून तो घरी गेला. पण परिणाम लबाडीचाच. पुरावा निर्माण होतो आणि त्याच क्षणी नष्ट होतो. मग मदतकक्षाला फोन करणाऱ्या माणसाकडे सांगायला काही उरत नाही, आणि मदतकक्षाकडे एक रामबाण वाक्य असतं: ‘आमच्याकडे तर चालतंय.’

या वाक्यावर थांबायलाच हवं, कारण सगळी गफलत इथे आहे. तुमच्याकडे चालतंय म्हणजे नेमकं कुठे? सर्व्हर ज्या इमारतीत, त्याच इमारतीतल्या संगणकावर? की त्याच यंत्रावर बसून? प्रत्येक यंत्राला स्वतःशीच बोलायचा एक पत्ता असतो, १२७.०.०.१. सर्व्हर चुकून फक्त त्या पत्त्यावर ऐकायला बसवला, तर त्या यंत्रावर सगळं झकास चालतं आणि बाहेरच्या जगाला तो अस्तित्वातच नसतो. जावाच्या जुन्या अॅप्लिकेशन सर्व्हरांमध्ये याहून गमतीची गोष्ट घडते. दूरचा क्लायंट, म्हणजे सेवा मागणारा प्रोग्राम, आधी नोंदणीच्या पोर्टवर जातो आणि विचारतो, अमुक सेवा कुठे आहे? सर्व्हर त्याला पुढच्या बोलण्यासाठी एक पत्ता देतो. यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये त्याचं स्वतःचं नाव १२७.०.०.१ ला जोडलेलं असेल, तर दिला जाणारा पत्ता तोच. बिचारा क्लायंट तो पत्ता घेतो आणि जोडणी करायला जातो स्वतःकडेच. अर्थात तिथे कोणी नसतं. पत्ता बरोबर दिला तरी आणखी एक फट राहते: पुढचं बोलणं ज्या पोर्टवर व्हायचं तो पोर्ट वेगळा नेमून दिला नाही तर दर वेळी बदलतो आणि फायरवॉलने तो उघडलेला नसतो. पहिली भेट होते, दुसरी होत नाही. या क्षेत्रातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, यात त्याची एक तरी रात्र गेलेली असते. सर्व्हरवर बसून केलेल्या चाचणीत यातला एकही दोष दिसत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे चालतंय’ हे वाक्य सर्व्हर निर्दोष असल्याचं सिद्ध करत नाही. तपासणी चुकीच्या टोकाला झाली, एवढंच सिद्ध करतं.

तपासणी तक्रारीच्या टोकाला व्हायला हवी. कोरचीहून, मुलचेऱ्याहून, त्याच स्वस्त फोनवर, त्याच सिमकार्डावर, दुपारी त्याच वेळी. किती सरकारी अॅप सुरू होण्याआधी धानोऱ्याला नेऊन चालवून पाहिले गेले? उद्घाटनाला मात्र सगळे असतात.

तिथे गेल्यावर काय सापडेल, त्याची थोडी कल्पना देतो. लॉगिन होतं, यादी दिसते, फोटो मात्र अडकतो, हा प्रकार नेहमी वेगाचाच असतो असं नाही. मार्गावर कुठेतरी माहितीचं मोठं पाकीट मावत नसतं. ‘लहान करून पाठवा’ हा निरोप मागे यायला हवा असतो. आणि सुरक्षेच्या अतिउत्साहात कोणीतरी तसले सगळे निरोप फायरवॉलवर बंद केलेले असतात. लहान पाकिटं जातात, मोठी गडप होतात, आणि दोन्ही बाजूंना वाटतं, नेट मंद आहे. दुसरा प्रकार: मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून इंटरनेटवर सोडतात. सर्व्हरच्या पहारेकऱ्याला एका पत्त्यावरून मिनिटाला शेकडो विनंत्या दिसल्या की तो समजतो, हल्ला झाला, आणि तो पत्ताच रोखतो. सकाळी आपापल्या कामावर हजेरी घेणारे प्रामाणिक रोजगार सेवक यंत्राच्या लेखी मिळून एक हल्लेखोर ठरतात. आणि तिसरा अगदीच फुटकळ: फोनची तारीख चुकलेली. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला, चालू झाला तो भलत्याच वर्षात, आणि सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ दिसलं. काड्या पूर्ण, जोडणी शून्य. तारीख दुरुस्त केली की चालू. यातल्या कशालाही मनोरा लागत नाही.

‘अंतर फार आहे ना पण,’ असंही म्हणतात. अंतराचं चंद्रपूरकरांना सांगू नका. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाबाची वाहिनी १९९९ पासून उभी आहे. वीज आमच्या कोळशावर, धूर आमच्या छातीत, आणि त्या विजेवर मुंबईकडची यंत्रं गार राहतात. त्या वेळी कुठे अंतर आडवं आलं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते गडचिरोली हजारेक किलोमीटर धरा: जायला पाच मिलिसेकंद, यायला पाच. वाटेतल्या यंत्रांचा विलंब धरून त्याच्या पाचपट करा, तरी डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

उपग्रहावरून जाणारी जोडणी धरू, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर वर जाऊन खाली येणार. एका फेरीला अर्धा सेकंद. नाव शोधायला एक फेरी, जोडणीला एक, जुन्या पद्धतीच्या सुरक्षित संभाषणाची ओळखपाळख करायला दोन, प्रत्यक्ष विनंतीला एक. पाच फेऱ्या, अडीच-तीन सेकंद. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत, टीएलएस १.३ मध्ये, त्यातली एक फेरी वाचते. म्हणजे जगातली सगळ्यात लांबची वाटसुद्धा तीन सेकंदांत कापता येते. अॅप त्याआधीच कंटाळून ‘संपर्क झाला नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या संयमाची मर्यादा कोणीतरी कार्यालयातल्या वायफायवर बसून ठरवली होती. तो आकडा एका ओळीत बदलता येतो. बदलायला कोणी सांगत नाही, कारण दोष आधीच रेंजवर टाकून झालेला असतो.

यावर शेवटचं हत्यार निघतं: लोकांना वापरता येत नाही. डिजिटल साक्षरता कमी. हे वाक्य ज्यांच्याबद्दल उच्चारलं जातं त्यांनी काय केलंय ते आठवून पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. तक्रार काय होती? फोनची क्षमता तोकडी, तो तापतो, आणि त्याच वर्षी आलेलं पोषण ट्रॅकर अॅप इंग्रजीत. हे अडाण्यांचं गाऱ्हाणं आहे, की दोषनिदानाचा अहवाल? यंत्राची स्मृती कमी, प्रोग्रामची भाषा चुकीची. सल्लागार कंपनीने हेच दोन मुद्दे चाळीस पानांत लिहून दिले असते तर त्याचं बिल निघालं असतं.

गावातल्या माणसाचं ज्ञान याहून पुढचं आहे. ‘आता नाही होणार जी, पहाटे चारला करू,’ असं रेशन दुकानदार सांगतो, सेतूवाला सांगतो, ऑपरेटर सांगतो. हे त्यांना कसं कळलं? पहाटे चारला जंगल विरळ होत नाही. मनोऱ्यावरची गर्दी कमी होते हे खरं. पण दुपारी त्याच मनोऱ्यावर पोरं व्हिडिओ बघत असताना पोर्टल मेलेलं असतं, म्हणजे अडचण मनोऱ्याच्या गर्दीची नाही, सर्व्हरच्या गर्दीची आहे. राज्यभरची माणसं झोपली की तो जागा होतो. सर्व्हरची क्षमता दुपारच्या मागणीला पुरत नाही, हा निष्कर्ष त्या ‘निरक्षर’ माणसाने स्वतःची झोप मोडून काढलेला आहे. आणि आपण त्याला माउस धरायचं प्रशिक्षण देणार.

मनोरे झाले की सुटेल, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी थोडी उजळणी. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा ‘नारीशक्ती दूत’ अॅप राज्यभर अडखळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी आली आणि ओटीपीच येत नाही म्हणून बायका रात्री जागल्या; मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. या बायका फक्त एटापल्लीच्या नव्हत्या. कोथरूडच्या होत्या, ठाण्याच्या होत्या, जिथे फाइव्हजी आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडलं. त्याचं कारण पुढे आलं ते असं: बँकांची यंत्रं ‘व्यवहाराचं काय झालं’ हा एकच प्रश्न मध्यवर्ती यंत्रणेला पुन्हापुन्हा विचारत सुटली आणि त्या प्रश्नांखालीच ती दबली. मुंबईत टॅक्सीवाल्याला पैसे देता आले नाहीत तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘यूपीआय ठप्प’ असा मथळा दिला. ‘मुंबईत रेंज नाही’ असा दिला नाही. शहरात बंद पडतो तो सर्व्हर, आणि जंगलात बंद पडते ती रेंज?

यूपीआयच्या त्या प्रकाराची छोटी आवृत्ती आपल्याकडे रोज घडवली जाते. हजेरी अमुक वेळेतच घ्या, असं सांगितलं की जो तो त्याच वेळी फोन काढणार. सर्व्हर गुदमरणार. उत्तर आलं नाही की प्रत्येक जण पुन्हा दाबणार, गर्दी दुप्पट होणार. यावर उपाय जुने आणि साधे आहेत: पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी थोडा अधिक आणि वेगवेगळा वेळ थांबायचं, प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच नोंद दोनदा आली तरी एकदाच धरली जाते, आणि नोंद फोनवर वेळेच्या शिक्क्यासकट जपून ठेवायची, जोडणी मिळेल तेव्हा पाठवायची.

इथे लगेच आवाज येतो: ऑफलाइन सोय दिली की भ्रष्टाचार होईल, खोट्या हजेऱ्या लागतील! चला, ऑनलाइन सक्तीने काय झालं ते पाहू. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून कळवलं की एनएमएमएसवर भलतेच फोटो चढवले जाताहेत, फोटोचे फोटो काढून चढवले जाताहेत. चोराला सर्व्हरने अडवलं नाही. त्याने सावकाश, चांगली रेंज असलेल्या जागी बसून फोटोचा फोटो पाठवला. अडकला तो प्रत्यक्ष बांधावर उभा असलेला मजूर. शिवाय ऑफलाइन म्हणजे फाटकी वही नव्हे. नोंद जिथे, जेव्हा झाली ते यंत्रानेच सही करून गोठवता येतं, नंतर बदलता येत नाही. काही अॅपमध्ये जपून ठेवून पाठवायची सोय आहेही, म्हणजे ती अशक्य नाही हे सिद्धच झालं.

रेशनबाबत तर नियमही स्पष्ट आहे. झारखंडमधल्या उपासमारीच्या मृत्यूच्या बातमीनंतर, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं की जोडणी नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, शिधापत्रिका पाहून द्यावं आणि वहीत नोंद ठेवावी. ‘सर्व्हर डाऊन आहे जी, उद्या या’ हे वाक्य त्या आदेशात बसतं का? पण दुकानदाराला दोष देऊन मी सुटणार नाही. वहीवर धान्य दिलं तर पुढे हिशेब त्याच्या अंगावर येतो, हे त्याला माहीत आहे.

बिघाडाची किंमत कोणी मोजायची, हा या सगळ्यातला खरा प्रश्न. बँकांच्या बाबतीत तो सुटलेला आहे. आधारवर पैसे काढताना खात्यातून रक्कम वजा झाली पण हाती पडली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी; न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे हे, वाचकांनी ध्यानात ठेवावं आणि बँकेत दाखवावं. तिथे बँकेला ‘तिकडे रेंज नसते’ असं म्हणायची मुभा नाही. बिघाड ज्याच्या यंत्रणेत, भुर्दंड त्याला.

आता रोजगार हमी घ्या. मजुरी उशिरा मिळाली तर सोळाव्या दिवसानंतर थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के दररोज, अशी भरपाई ठरवलेली. महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. एका दिवसाच्या मजुरीवर रोजची भरपाई येते सोळा पैशांहून कमी. आणि हे हजेरी चढली असेल तर. सर्व्हरने उत्तर दिलं नाही म्हणून हजेरीच चढली नसेल, तर थकबाकीच नाही, म्हणून भरपाईही नाही. तो माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता, असं कागद म्हणतो. माती खणलेली दिसते, खणणारा दिसत नाही. ते दुरुस्त करून घ्यायला त्याने तालुक्याला जायचं, तिथून जिल्ह्याला. भामरागड ते गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, सिरोंच्याहून दोनशेच्या वर. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला, त्याला चार दशकं उलटली. त्याआधी चंद्रपूरला जावं लागायचं, आता गडचिरोलीला. डिजिटल झाल्याने जायचं थांबलेलं नाही.

म्हणून रेंजचं कारण यापुढे फुकट स्वीकारायचं नाही. अॅपने खरं उत्तर दाखवावं: नाव सापडलं नाही, जोडणी नाकारली, वेळ संपली, ५०३, जे असेल ते, मराठीत, वेळेसकट, पडद्याचा फोटो काढून ठेवता येईल असं. कोणत्या तालुक्यातून किती विनंत्या आल्या आणि किती फसल्या, याची मोजणी सर्व्हरच्या नोंदींत मिळते. ती दर महिन्याला जाहीर व्हावी. नवं अॅप एटापल्लीत आठवडाभर भरदुपारी चालल्याशिवाय राज्यात सक्तीचं करू नये. आणि बिघाड मजुराच्या फोनमध्ये किंवा मनोऱ्यात होता हे खात्याने सिद्ध केल्याशिवाय तो सर्व्हरचाच धरावा, आजवर उलट धरत आलो तसा नव्हे.

पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर ‘तिकडे रेंजच नसते’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: पडद्यावर नेमकं काय आलं होतं, आणि त्याच मिनिटाला सर्व्हरच्या नोंदवहीत काय लिहिलं गेलं? सांगता आलं नाही तर तपास झालेला नाही. आणि तपास झालेला नसेल, तर त्या दिवसाची मजुरी मजुराची आहे, ती द्या.